एक पुडकं जास्त

३ डिसेंबर

वन्सं,

त्या सकाळी इस्त्री तापत ठेवली होती, एका शेगडीवर पाणी, दुसरीवर चहा, आणि मी दुकानातल्या फरशीवर सांडलेल्या टाचण्या चुंबकाने गोळा करत होते. हे एका हाताने पँट धरून दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "हल्ली कापडात दम नाही. दोनदा धुतली की सैल." मी म्हटलं, "काढा." कंबर आत घेऊन होईपर्यंत हे टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसले. खाली टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात पेपर. पहिलं गिऱ्हाईक आलं आणि ते दर्शन घेऊन "नंतर येतो" म्हणत निघून गेलं.

टोपी अर्थातच उलटी होती. ती ह्यांची जन्माची खोड. म्हणून तर मी दर टोपीच्या आत, मानेच्या बाजूला, लाल बटण शिवायला लागले. ‘लाल ते मागे’ असं रोज पढवायचे आणि रोज ते बटण कपाळावर टेकलेलं असायचं. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, दादाला बालवाडीत घाल, फी मी भरते."

हे आज आठवलं ते तुमच्यामुळे. फोन ठेवता ठेवता तुम्हीच म्हणालात, ‘मी तुला बोलू देत नाही, राहिलेलं लिहून पाठव.’ हा मोठेपणा रोज रोज होत नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

तुमचं म्हणणं पटलं. हे गेल्यापासून दोन वर्षं वर्षअखेरची सुट्टी कोरडी गेली. यायचं मात्र नाव काढू नका. दुकानात लग्नाघरचे कोट आलेत, आणि खरं सांगायचं तर तुमच्या टेबलाशी ह्यांची खुर्ची रिकामी बघायला मला अजून जमणार नाही. पण भेटींची पुडकी मी पाठवते. नियम ह्यांचाच. पुडक्यावर नाव घालायचं नाही. सगळी टेबलावर मांडायची, ज्याने त्याने पुढे होऊन ‘हे माझं’ म्हणून उचलायचं, आणि उचललं की बदलायचं नाही. हे म्हणायचे, देणाऱ्याने माणूस ओळखला की नाही ते तर कळतंच, पण घेणारा स्वतःला काय समजतो तेही कळतं.

तेव्हा मला सांगा. मास्तर अजून पेपर तोंडावर घेऊन झोपतात का? तुमची लेक नीट झोपते का? जावईबापू अजून ‘मला काही नको’ म्हणतात का? आणि तुमचं काय चाललंय? हे विचारणं नव्हे. माप घेणं आहे.

शेवटच्या खेळात काय झालं त्याबद्दल मी अक्षर काढणार नाही. एवढंच म्हणते की ‘जड ते माझं’ हा तुमचा लहानपणापासूनचा हिशेब यंदा जरा जपून.

तुमची वहिनी


७ डिसेंबर

वहिनी,

फोनवर मी बोलू देत नाही असं मी म्हटलं होतं. तू लगेच ‘हो’ म्हणायचं नव्हतंस.

घे माप. मास्तर निवृत्त झाले तरी शाळेतल्यासारखेच झोपतात, बसून. पेपर गळून पडला की दचकून म्हणतात, "वाचतोय मी!" लेकीच्या खिडकीसमोर रस्त्यावर नवा दिवा लागलाय. मध्यरात्री सुई ओवता येईल इतका उजेड. दिवसभर लोकांचे दात उपटून येते बिचारी आणि तोंडावर उशी घेऊन पडते. जावईबापूंना काही नको असतं. वाढदिवसाला आम्ही खरंच काही दिलं नाही, तर आठवडाभर घरात ‘हूं’ आणि ‘हूं हूं’ एवढंच. आणि मला म्हणशील तर सगळं आहे. चष्मा सापडत नाही, किल्ल्या सापडत नाहीत, आणि डॉक्टरांनी बंद केलेली चॉकलेटं लपवायला जागा सापडत नाही. मास्तर झोपेतसुद्धा हुंगतात.

धाकट्याचं माप तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. सख्ख्या बहिणीला चारचौघांत वजनकाटा देणारा भाऊ! आणि मी पुडकं उघडून बघतेय तर वर हसून म्हणतो, "ताई, लिफ्टमध्ये शिरायच्या आधी बघत जा." लिफ्ट दुरुस्त करतोस तर लिफ्टपुरतं बघ की बाबा! तीन वर्षं मी त्याच्याशी बोललेले नाही. दादा गेला त्या दिवशीसुद्धा खोलीच्या ह्या टोकाला मी आणि त्या टोकाला तो. काटा मी त्याच दिवशी फेकून दिला.

खरं लागलं ते वेगळंच. दादा शेजारीच बसला होता. एरवी धाकट्याच्या टाळक्यात मारली असती त्याने. त्या दिवशी मान खाली घालून बसला, एक शब्द नाही. मी त्याला ‘का’ म्हणून विचारायची होते, ते राहूनच गेलं.

असो. तू येत नाहीस हे मला आवडलेलं नाही. कोट काय, लोक उघडे जाणार आहेत का लग्नाला?

ताई


(खोक्यात वर ठेवलेली चिठ्ठी)

१२ डिसेंबर

वन्सं, खोकं उघडा, पुडकी उघडू नका. सुट्टीच्या दिवसापर्यंत चाचपायचं नाही, हलवायचं नाही, उजेडाकडे धरायचं नाही. हे मी जावईबापूंना लिहिलंय असं समजा, म्हणजे तुम्हाला राग येणार नाही.

वहिनी


१५ डिसेंबर

वहिनी,

घरात माणसं चार. पुडकी पाच.

मी मोजली. पुन्हा मोजली. मास्तरांना उठवून मोजायला लावली. ते म्हणाले, "पाच. झोपू आता?"

लेकीला वाटतं तू तुझंच एक पाठवलंस. तू स्वतःला काही देशील? पुस्तकाशिवाय तुला कधी काही लागलंय? दादाने वाचनालयातून आणायचं, तू इस्त्री तापेपर्यंत दोन पानं वाचायची, असं करत शाळेत न शिकलेलं सगळं शिकलीस. तुझं पुडकं चौकोनी असतं. हे चौकोनी नाही.

मी उघडलेलं नाही. चाचपलेलंही नाही. नुसतं उचलून टेबलावरून कपाटावर ठेवताना हाताला लागलं. आत काहीतरी मऊ आहे, गोल आहे, आणि आमच्या घराण्याच्या डोक्याएवढं आहे. बाजारात ह्या मापाची टोपी मिळत नाही हे तुला मी सांगायला नको. दादा म्हणायचा, आपली डोकी मोठी कारण आत जागा मोकळी सोडलीय. आता तसली डोकी दोनच उरली, एक माझं आणि एक त्या लिफ्टवाल्याचं. मी टोपी घालत नाही.

म्हणजे तू त्याच्यासाठी पुडकं पाठवलंस. माझ्या घरात! मला न विचारता! गोड गोड पत्रं लिहायची, ‘माप घेते’ म्हणायचं आणि पोटात हे! वहिनी, तू इतकी आतल्या गाठीची असशील असं वाटलं नव्हतं. आता मी काय करू? टेबलावर ठेवलं तर उचलणार कोण? नाही ठेवलं तर तुझा अपमान. परत पाठवलं तर दादाचा नियम मोडला.

उत्तर लगेच दे. फोन करू नकोस, मी रागात आहे.

ताई


१९ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं. मशीनवर बसले, उठले, परत वाचलं. पुडकी पाच आहेत हे खरं.

पाचवं कुणाचं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर खेळ कसला? इतर चार कुणाची तेही मी सांगितलेलं नाही, त्याबद्दल तुम्ही रागावला नाहीत. मग ह्या एकावरच इतका राग का, ते तुमचं तुम्ही बघा.

आतल्या गाठीची म्हणालात, म्हणा. शिवणकाम करणाऱ्या बाईची गाठ आतच असते. बाहेर दिसली तर गिऱ्हाईक पैसे कापतं.

पुडकं टेबलावर ठेवा. ज्याच्या डोक्याला बसेल त्याचं. कुणाच्याच नाही बसलं तर तुम्ही घाला, थंडी आहे.

तुमची वहिनी


२१ डिसेंबर

वहिनी,

घाईत आहे. मी त्याला बोलावलेलं नाही, हे आधी लिहून ठेवते. एक ओळ पाठवली, तीही मास्तरांच्या हस्ताक्षरात: ‘तुमची वस्तू आमच्याकडे येऊन पडली आहे, घेऊन जावी.’ जेवायला ये असं एका शब्दाने लिहिलेलं नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी साडेबाराला ये असं लिहिलंय, कारण त्या आधी मी कामात असते.

ताटं-वाट्या मोजताना मास्तर म्हणाले, "पाच मांडू का?" मी म्हटलं, तुम्ही झोपा.

ताई


२८ डिसेंबर

वहिनी,

झाली सुट्टी. तुझ्या नियमाचं भजं झालं. ऐक.

मी ठरवलं होतं, ह्या वेळी जड पुडक्याकडे ढुंकून बघायचं नाही. सगळ्यांत हलकं उचललं. उघडलं तर पिशवी. सुंदर! आत अस्तर, कड्या, खिसा, शिवण अशी की नजर ठरू नये. आत हात घातला. काही नाही. उलटी केली, झटकली. काहीच नाही. सगळे बघताहेत. मी म्हटलं, "वहिनीला वाटतं मला सगळं आहे, म्हणून रिकामी दिली." जावईबापू खोकल्यासारखं करून तोंड फिरवून बसले.

जड होतं ते मास्तरांनी उचललं. पडदा निघाला. मास्तर म्हणाले, "शाल!" आणि अंगावर घेतली. वरच्या कड्यांसकट. मी समजावून थकले. चालताना घंट्या वाजल्यासारखे वाजतात, पण कुठे झोपलेत ते निदान कळतं.

लेकीने मऊ बघून उचललं, तर पेपर छापलेल्या कापडाची मानेची उशी! तिला वाटलं मुद्दामच दिली, दवाखान्यात दुपारी खुर्चीत टेकायला. खिसेवाला ॲप्रन जावईबापूंना गेला. त्यांनी तिथल्या तिथे घातला, एकेक खिशात हात घालून बघितला, आणि बटणाचा छोटा खिसा सापडल्यावर मला म्हणाले, "आई, ह्यात तुमची चॉकलेटं मी सांभाळतो." पहिल्यांदा माणूस आपणहून बोलला. कालपासून स्वयंपाकघरातून हलत नाही. चार पुडकी, चारही चुकली ना? खरं सांग.

आता पाचवं.

साडेबाराला बेल वाजली. मी बाहेर गेले नाही. आतूनच म्हटलं, "वस्तू टेबलावर आहे." तो आला. केस पिकलेत ग त्याचे. हातात एक खोकं, वहिनीसाठी करून आणलंय असं लेकीला म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. पुडकं उघडलं, टोपी हातात घेतली, बराच वेळ नुसती धरून उभा. मास्तरसुद्धा जागे. मग घातली त्याने.

आणि उलटी घातली.

मला राहवलं नाही. हात पिठाचे होते तशीच गेले आणि डोक्यावर फिरवून सरळ केली. म्हटलं, "गाढवा, उलटी आहे." तीन वर्षांनी पहिला शब्द, तो हा. तो म्हणाला, "हो ताई." मग मी ताट वाढलं. मोठा होऊन पहिल्यांदाच न कुरकुरता सगळं जेवला.

काट्याचं कुणीही काढलं नाही. मी मनातल्या मनात त्याला माफ करून टाकलं. बहिणीने नाही करायचं तर कुणी? फार मोकळं वाटलं मला. सगळ्यांनी करून बघावं.

तुझा डाव मी पहिल्या दिवशीच ओळखला होता, पण तू जिंकलीस हे मान्य. कपटी आहेस. पुढच्या वर्षी तू येणार आहेस. मी विचारत नाहीये.

ताई


३० डिसेंबर

वहिनी,

मला पत्र लिहिता येत नाही. बंद पडलेल्या लिफ्टचा अहवाल लिहितो तसं लिहितो.

सोबत खोकं आहे. एक जुनी इमारत पाडली, तिच्या लिफ्टची पितळी पट्टी मी ठेवून घेतली होती. तिचा दिवा केलाय. वाचायला. दोन बटणं आहेत. ‘वर’ दाबलं की लागतो, ‘खाली’ दाबलं की विझतो. दोन्ही एकदम दाबू नका.

आता टोपी. वहिनी, ती माझी नाही. आत लाल बटण आहे. तशी टोपी तुम्ही एकाच माणसासाठी शिवायचात. पुडकं उघडून बटण दिसलं तेव्हा मला काय करावं कळेना. ‘माझी नाही’ म्हटलं असतं तर ताई म्हणाली असती, मग कुणाची? सगळ्यांसमोर तुमची चूक उघडी पडली असती. म्हणून घातली. बटण कपाळाला लागलं तेव्हा दादाच आठवला आणि तशीच ठेवली. ताईने सरळ केली.

एक बघितलं. पुडक्याचा चिकटपट्टीचा तुकडा निघून परत लावलेला होता, जरा वाकडा. तुम्ही वाकडं लावत नाही.

आता काटा. हे तुम्हाला माहीत नाही. दादा माझ्या कामावर आला होता, एकटा. म्हणाला, वजन उतरतंय, डॉक्टरांनी रोज बघायला सांगितलंय, घरात काटा आणला तर तुझी वहिनी ओळखेल, तू काहीतरी कर. मी म्हटलं, सुट्टीच्या पुडक्यात घालतो, तू ‘हे माझं’ म्हण आणि चेष्टा करत घेऊन जा. त्याला पटलं. पण ताईने जड बघितलं आणि झडप घातली. दादाचा चेहरा पांढरा पडला. तो आता सगळं बोलून टाकेल असं मला वाटलं. कुणीतरी लगेच काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणून लिफ्टचं बोललो. मी आयुष्यात फारसे विनोद केलेले नाहीत. एक केला, तो हा.

नंतर दादा म्हणाला, मी ताईला सांगतो. मी म्हटलं, आधी बरा हो, मग सांग.

तो काटा ताईने फेकलेला नाही. बाथरूममध्ये दाराआड टॉवेलखाली आहे. मी उभा राहून बघितला. उत्तम चालतो. फक्त कुणीतरी तो दोन किलो मागे फिरवून ठेवलाय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ताईला खरं सांगू का? आणि टोपी परत पाठवू का?

धाकटा


३ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी दुकानात एकटीच हसले. समोरच्या चांभाराने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "आमचे मास्तर वाजायला लागले."

हो, चारही चुकली. आता सांगायला हरकत नाही. उशी मास्तरांची होती, मानेभोवती घेऊन झोपले तरी पेपर वाचताहेत असं दिसावं म्हणून. पडदा लेकीच्या खिडकीचा. ॲप्रन तुमचा. आणि ती रिकामी पिशवी जावईबापूंची. वर्षानुवर्षं ‘मला काही नको’ म्हणतात, म्हटलं एकदा नीट शिवून काही नाही द्यावं. पण बदलू नका. माझं माप चुकलं असेल, कपडे मात्र बसले. मास्तर पडदा सोडतील तेव्हा लेकीला दुसरा शिवून देईन. पिशवी तुम्ही ठेवा. चष्मा, किल्ल्या, सगळं तिच्यात टाकायचं, म्हणजे हरवलं तर एकाच ठिकाणी हरवेल.

पाचव्याचं श्रेय तुम्ही मला देताय, ते मी घेते. कपटी तर कपटी.

पुढच्या वर्षी येईन. हे मी विचारून नाही, सांगून ठेवते. ह्यांच्या खुर्चीवर मला बसवा, म्हणजे ती रिकामी दिसणार नाही.

तुमची वहिनी


६ जानेवारी

भाऊजी,

दिवा सुंदर झालाय. रोज इस्त्री तापेपर्यंत ‘वर’ दाबते. काल दोन्ही एकदम दाबून बघितली. तुम्ही ‘नको’ म्हटलंत म्हणूनच. फ्यूज गेला, चांभाराने बसवून दिला.

टोपीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. त्या दुपारी चार पुडकी करून झाली, अस्तराचं कापड थोडं उरलं होतं. रेडिओ लागला होता. हात चालत राहिले. टोपी झाली, बटण लावलं, बांधून खोक्यात ठेवली. मनात काहीसुद्धा आलं नाही, दर वर्षी ठेवायचे तशी ठेवली. वन्संचं ‘पाच’ वाचलं तेव्हा कळलं. मग काय लिहायचं? ‘गेलेल्या माणसाला टोपी पाठवली’ असं? त्या तुमच्यावर चिडल्या होत्या, मला आडोसा मिळाला. तुमच्या पाठीमागे लपले, तुम्हाला न विचारता. तुमच्या दादानेही तेच केलं होतं म्हणा. तुमची पाठ रुंद आहे, लपणाऱ्याला सोयीची.

पण तुमच्या पत्रातली ती वाकडी चिकटपट्टी वाचली आणि मला वन्संचं पत्र परत काढून वाचावं लागलं. टोपी उलटी घातली म्हणून त्यांनी सरळ केली असं त्या लिहितात. भाऊजी, त्या टोपीचं बाहेरून मागचं पुढचं ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. कळायचं नाही म्हणून तर बटण. आणि बटण आत असतं. ज्याने आधी आत बघितलं असेल, त्यालाच ती उलटी आहे हे कळणार.

म्हणजे वन्संनी पुडकं उघडलं होतं. ते रागाचं पत्र लिहायच्या आधी. लाल बटण बघितलं, मी काय करून बसले ते ओळखलं, आणि मला सांगावं लागू नये म्हणून सगळा राग तुमच्यावर काढला. ‘आतल्या गाठीची’ म्हणे मला! आणि ते करता करता तुम्हाला बोलवायला निमित्तही मिळवलं. मी तर म्हणते, तीन वर्षं त्या असं काहीतरी शोधतच होत्या. मी त्यांना हे कळलंय असं कधीच दाखवणार नाही. तुम्हीही दाखवू नका.

काट्याचं आत्ता सांगू नका. त्यांनी तुम्हाला माफ केलंय, आणि माफ करून किती मोकळं वाटलं ते मला आवर्जून लिहिलंय. ते सुख इतक्यात काढून घेऊ नये. खरं कळलं तर त्यांना तुमची माफी मागावी लागेल. तेवढी तयारी व्हायला एक वर्ष द्या. पुढच्या सुट्टीत मी तिथे असेन, तेव्हा मीच सांगेन. तुमचा दादा त्या दिवशी गप्प का बसला, ह्याचं उत्तर त्यांना मिळायला हवं. आणि ते दोन किलो तेवढे पुढे फिरवू नका. माणसाला थोडी उसंत हवी.

आता तुम्ही म्हणता ‘हे तुम्हाला माहीत नाही’, त्याबद्दल. काटा कुणाचा ते माहीत नव्हतं. वजन माहीत होतं. भाऊजी, त्या वर्षी मी ह्यांच्या तिन्ही पँटींची कंबर आत घेत होते. आधी अर्धा इंच, मग परत अर्धा. हे म्हणायचे, कापडात दम नाही. मी म्हणायचे, नाही तर काय, हल्लीच्या गिरण्या! ज्या बाईच्या हातात टेप असते तिला काटा कशाला लागतो? त्यांना वाटायचं मला कळलं नाही, आणि ते त्यांना तसं वाटू द्यावं असं मला वाटायचं. सकाळी टॉवेल गुंडाळून उलटी टोपी घालून बसलेला माणूस खोटं बोलत असला तरी त्याला पकडवत नाही. पुढे मार्चमध्ये ह्यांचं दुखणं सगळ्यांनाच कळलं, तेव्हा लपवायचं काही उरलं नाही. पण त्या काही महिन्यांत आम्ही दोघांनी एकमेकांना बरंच हसवलं.

टोपी परत पाठवू नका. ज्याच्या डोक्याला बसेल त्याची, असं मी लिहून बसलेय. बटण काढू नका. उलटी घातलीत तरी चालेल, सरळ करायला आता माणूस आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. एका कोटाच्या बाह्या राहिल्या होत्या, त्या लावल्या. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून ह्यांच्या तिन्ही पँटी काढल्या, कंबरेच्या टिपा उसवल्या, आधी जेवढी होती तेवढी कंबर मोकळी सोडली, इस्त्री केली आणि तुमच्या पत्त्यावर पाठवल्या. पुडक्याच्या आत नाव घातलेलं नाही.

वहिनी